समोरचे सारखे अप्पर मारतात? मग एक भिंत शोधा

प्रश्न थोडक्यात असा होता: जुनी हॅचबॅक आहे. कंपनीचे दिवे अंधुक वाटायचे म्हणून वर्षभरापूर्वी बाजारातून एलईडी बल्ब बसवून घेतले. रात्री चालवताना डिपरवरच (खालच्या झोतावर) असतो, तरी समोरून येणारे सारखे अप्पर (वरचा झोत) मारतात. परवा तर एक जण काच खाली करून शिव्या देऊन गेला. माझे दिवे खरंच लोकांच्या डोळ्यांत जातात का आणि ते घरच्या घरी कसं तपासायचं?

तो शिव्या देणारा बहुतेक बरोबर होता. राग मानू नका. गाडीतला हा एकच बिघाड असा आहे, की त्याचा त्रास मालकाला कधीच होत नाही. ब्रेक खराब झाले तर पायाला कळतं, एसी गेला तर घाम येतो. दिवे वर गेले तर उलट लांबचं जास्त दिसतं आणि मालक खूश होतो. गेली पंचवीस वर्षं कराडजवळ गाड्यांच्या वायरिंगचं काम करतोय. ‘दिवे जरा वर करून द्या’ म्हणणारी गिऱ्हाइकं ढिगानं येतात. ‘खाली करून द्या’ म्हणणारा वर्षाकाठी एखादा. तुम्ही त्यातले, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक बाळबोध गोष्ट तपासा. दिवे लावल्यावर मीटरमध्ये निळं चिन्ह पेटतं का? पेटत असेल तर तुम्ही अप्परवर आहात, डिपरवर नाही. हसू नका. ‘दिव्यांचं काहीतरी करा’ म्हणून आलेल्या गाड्यांत अशा निघतात. शहरात रस्त्यावरच्या उजेडात फरक जाणवत नाही, दांडी कधीतरी पुढे ढकलली गेलेली असते आणि महिनोन्‌महिने गाडी तशीच फिरत असते. निळं चिन्ह नसेल तर पुढे वाचा.

डिपर म्हणजे ‘कमी उजेड’ असा बऱ्याच जणांचा समज असतो. साध्या एच-४ हॅलोजन बल्बवर ६०/५५ वॅट लिहिलेलं असतं. ६० अप्परचे, ५५ डिपरचे. म्हणजे फरक फक्त पाच वॅटचा. मग डिपर डोळ्यांत का जात नाही? कारण तो कापलेला असतो. भिंतीवर डिपर टाकून पाहिला तर वर अंधार, खाली उजेड आणि मधे सुरीनं कापल्यासारखी एक कड दिसते. तिला आम्ही कट-ऑफ म्हणतो. आपल्याकडे गाड्या डाव्या बाजूनं चालतात, म्हणून ही कड उजवीकडे आडवी सपाट असते आणि मध्यापासून डावीकडे चढत जाते किंवा पायरीसारखी वर उचललेली असते. उजवीकडून येणाऱ्याच्या डोळ्यांखालून उजेड जावा आणि डाव्या कडेचा सायकलवाला, दगड, खड्डा मात्र लांबून दिसावा, एवढाच हेतू.

ही कड पाडतो कोण? एच-४ बल्ब हातात घेऊन नीट बघा. आत दोन फिलामेंट असतात. डिपरच्या फिलामेंटखाली पळीसारखा एक इवलासा पत्रा असतो. फिलामेंटचा जो उजेड रिफ्लेक्टरच्या, म्हणजे बल्बमागच्या चकचकीत वाटीच्या, खालच्या अर्ध्या भागावर पडून वर उसळला असता, तो ही पळी अडवते. बाकी काम रिफ्लेक्टर करतो, पण एका अटीवर: फिलामेंट जिथे असायला हवं तिथेच असलं पाहिजे. एक-दोन मिलिमीटर इकडे-तिकडे झालं तरी कड विस्कटते. बाजारातल्या एलईडी बल्बची गोम इथेच आहे. फिलामेंट म्हणजे केसासारखी बारीक, चारही अंगांनी उजळणारी तार. एलईडीमध्ये एका पट्टीच्या दोन बाजूंना चपटे चिप चिकटवलेले असतात आणि मधे पट्टीची जाडी असते. रिफ्लेक्टर बनवणाऱ्यानं हिशेब केला तारेचा, आपण आत बसवली पट्टी. उजेड भरपूर पडतो, पण तो कुठे पडेल याचा भरवसा नाही. शिवाय बरेचसे बल्ब ६००० केल्व्हिनच्या (उजेडाच्या रंगाचं माप) आसपासचे, निळसर पांढरे. हॅलोजन साधारण ३२०० चा, पिवळट. पावसात आणि धुक्यात हा निळसर उजेड समोरच्या थेंबांवरून परत आपल्याच डोळ्यांत येतो. आंबोली घाटात जुलैच्या रात्री असे दिवे घेऊन गेलेल्याला हे सांगावं लागत नाही.

तुमच्या गाडीला प्रोजेक्टर म्हणजे काचेचा गोल भिंगवाला दिवा असेल, तर आत कड पाडायला वेगळा पत्रा असतो. तिथे चुकीच्या बल्बनंही कड बऱ्यापैकी टिकते, पण उजेडाची वाटणी बिघडतेच. जुन्या हॅचबॅकमध्ये बहुधा साधा रिफ्लेक्टरच असतो, म्हणून तुमचा तोच आहे असं धरून चालतो.

आता भिंत. फार मोकळी जागा लागत नाही. सोसायटीचं पार्किंग, शाळेच्या मागची भिंत, गोडाऊनचं शटर, काहीही चालेल. फक्त गाडी भिंतीपासून सरळ ५ मीटर मागे घेता आली पाहिजे. जमीन पाण्याच्या पातळीत हवी असं सगळे सांगतात. ते तितकंसं खरं नाही. पार्किंगला पाणी वाहून जायला उतार असतोच. एकच सलग उतार असेल तर गाडीही त्याच्याबरोबर कलते आणि मोजमाप चुकत नाही. चुकतं ते जमिनीला मधेच मोड असेल तर: गाडी उतारावर उभी आणि भिंतीजवळ सपाट, असं असेल तर तिथे मोजू नका. शंका असेल तर एक सुतळी गाडीच्या मागच्या चाकापासून भिंतीपर्यंत जमिनीलगत ताणून धरा. मधे कुठे फट दिसली किंवा सुतळी जमिनीला घासली तर जागा बदला.

गाडीची तयारी: चारही टायरमध्ये हवा बरोबर, डिकीतलं रोजचं नसलेलं सामान बाहेर, टाकी अर्धी असली तर उत्तम, आणि ड्रायव्हरच्या जागेवर माणूस बसलेला. डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांचं छोटं चाक असेल तर ते ० वर ठेवा. मग बोनेट दोन-तीनदा दाबून सोडा, म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागेवर बसेल.

गाडी भिंतीला जवळजवळ टेकेल इतकी पुढे घ्या. प्रत्येक दिव्याच्या मधोमध, बल्ब जिथे असतो त्यासमोर, भिंतीवर खडूनं फुली मारा. दोन्ही फुल्या जोडणारी आडवी रेघ ओढा. आता स्टिअरिंग न हलवता गाडी सरळ ५ मीटर मागे घ्या. अंतर दिव्याच्या काचेपासून मोजायचं, बंपरपासून नाही. भिंतीवरच्या रेघेखाली ५ सेंमीवर मास्किंग टेपची पट्टी चिकटवा. अंधार पडल्यावर डिपर लावा आणि बघा.

एका वेळी एकच दिवा बघायचा, नाहीतर दोन्हींचा उजेड मिसळून काही कळत नाही. दुसऱ्यासमोर हातभर अंतरावर कोणाला तरी पुठ्ठा धरून उभं करा. दिव्यावर गोधडी टाकून ठेवू नका. हॅलोजन चांगलाच तापतो आणि पुढची ‘काच’ आता काच नसते, पॉलिकार्बोनेट असतं.

आता काय दिसायला हवं? उजवीकडची सपाट कड टेपवर, म्हणजे दिव्याच्या मध्यापेक्षा ५ सेंमी खाली. कड जिथून डावीकडे वर वळते तो कोपरा साधारण त्या दिव्याच्या फुलीच्या सरळ खाली. ५ मीटरला ५ सेंमी म्हणजे एक टक्का उतार. बऱ्याच गाड्यांवर, दिव्याच्या खोक्यावर किंवा बोनेटच्या पुढच्या पट्टीवर, दिव्याच्या चित्राशेजारी १.० किंवा १.२ टक्के असं छापलेलं असतं. तुमच्या गाडीवर जो आकडा असेल तो धरा. उंच एसयूव्हीला उतार जास्त द्यावा लागतो, कारण तिचा दिवा मुळातच पुढच्या छोट्या गाडीच्या आरशाच्या उंचीवर असतो.

पाच सेंमीचा एवढा बाऊ कशाला, असं वाटेल. हिशेब करून बघा. दिवा जमिनीपासून ६५ सेंमीवर आहे. एक टक्का उतार असेल तर ५० मीटरवर ती कड ५० सेंमी खाली येते, म्हणजे रस्त्यापासून जेमतेम १५ सेंमीवर. समोरच्याच्या बंपरखाली. आता हीच गाडी दिवाळीला गावी निघाली. मागे तीन माणसं, डिकीत फराळाचे डबे, नारळ, तांदळाचं पोतं. मागचा भाग ५ सेंमी बसला. दोन चाकांमधलं अंतर अडीच मीटर, म्हणजे गाडीचं नाक दोन टक्क्यांनी वर झालं. एक टक्का खाली असलेली कड आता एक टक्का वर. ५० मीटरवर ती ६५ अधिक ५०, म्हणजे ११५ सेंमीवर पोहोचते. हॅचबॅक चालवणाऱ्याचे डोळे नेमके याच उंचीच्या आसपास असतात. बल्ब कंपनीचा, स्क्रूला कोणी हात लावलेला नाही, तरी दिवे डोळ्यांत. भिंतीवर हा सगळा फरक फक्त १० सेंमीचा दिसतो.

डॅशबोर्डवरचं ते ० ते ३ चं चाक यासाठीच दिलेलं असतं. पुढे दोघंच असतील तर ०, गाडी माणसांनी भरली की १, माणसं आणि सामान दोन्ही असेल तर २, फक्त ड्रायव्हर आणि मागे ठासून सामान असेल तर ३. आकडे गाडीगणिक थोडे बदलतात, मॅन्युअलमध्ये दिलेले असतात. गाडी घेऊन आठ वर्षं झाली तरी हे चाक कधी फिरवलं नाही असे मालक मला रोज भेटतात. कांदा-टोमॅटो भरून निघालेल्या पिकअपला बहुधा हे चाक नसतं किंवा असलं तरी कोणी बघत नाही. रात्री त्यांच्यासमोरून गेलेल्याला विचारा.

भिंतीवर काय दिसतं त्यावरून आजार ओळखता येतो. कड स्पष्ट आहे, फक्त वर आहे: दिवा सेट करायचा, इतकंच. एका दिव्याची कड बरोबर आणि दुसऱ्याची वाकडी किंवा उलटी: बल्ब नीट बसलेला नाही. एच-४ ला तीन कान असतात, त्यातला रुंद कान वर येतो. घाईत ढकलला, तारेची क्लिप अर्धवट लागली, की बल्ब तिरका बसतो. एलईडी बल्बची कॉलर वेगळी निघते आणि ती फिरलेली असली तर चिप आडवे-उभे होतात. कडच नाही, वरखाली सगळीकडे उजेड सांडलेला: बल्ब चुकीचा आहे किंवा रिफ्लेक्टर काळवंडलाय. स्क्रू कितीही फिरवा, हे बरं होणार नाही. आणि चौथा प्रकार, जो मागच्या काही वर्षांत जास्त दिसतो: कड सुंदर, धारदार, पण वर चढणारी बाजू उजवीकडे. हे दिवे उजव्या बाजूनं गाड्या चालणाऱ्या देशांसाठी बनलेले असतात. ऑनलाइन मागवलेल्या प्रोजेक्टर किटमध्ये हे सर्रास निघतं. आपल्या रस्त्यावर ते समोरच्याच्या थेट तोंडावर उजेड मारतात आणि डावीकडचा सायकलवाला अंधारात. पैसे कितीही गेले असतील, काढून टाका.

सेट करायचे स्क्रू दिव्याच्या मागे असतात. बहुधा दोन: एक वर-खाली, एक डावी-उजवी. पांढरे प्लॅस्टिकचे दात असलेले, फुलीच्या स्क्रू-ड्रायव्हरनं फिरणारे. कोणत्या दिशेला फिरवल्यावर दिवा खाली जातो हे गाडीगणिक वेगळं, म्हणून अर्धा फेरा फिरवायचा आणि भिंतीकडे बघायचं. जोर लावायचा नाही. जुन्या गाडीत ते दात ठिसूळ झालेले असतात, एकदा घसरले की अख्खा दिवा बदलायची पाळी येते. डावी-उजवीचा स्क्रू शक्यतो तसाच राहू द्या. अपघातानंतर दिवा काढून बसवला असेल तरच तो बिघडलेला असतो.

हे सगळं करायचं नसेल तर गॅरेजमध्ये हेडलाइट टेस्टर असतं, पुढे भिंग लावलेली चाकांवरची पेटी. दिव्यासमोर ती धरली की आतल्या पडद्यावर कड दिसते, पाच मिनिटांचं काम. मात्र ‘सेट करून देतो’ म्हणत नुसतं समोर उभं राहून अंदाजे स्क्रू फिरवणाऱ्याकडून करून घेऊ नका. हे मी सांगतोय कारण मीही एके काळी तेच करायचो. धंदा सुरू केला तेव्हा एका ओळखीच्या जीपवाल्यानं ‘लांबचं दिसत नाही’ म्हणून दिवे वर करून मागितले. दिले करून, चहाही पाजला त्यानं. पंधरा दिवसांनी पाटणच्या रस्त्यावर रात्री मोटरसायकलीवर येताना समोरून एक जीप आली. काही दिसेना. रस्ता आहे की शेत, कळेना. पाय टेकून थांबलो. जीप बाजूनं गेली तेव्हा ओळखली. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून दिवे खाली केले, आणि त्यानंतर टेप आणि भिंतीशिवाय स्क्रूला हात लावला नाही.

ऊस गाळपाच्या हंगामात आमच्या भागात हा प्रकार जीवघेणा होतो. ताशी ६० च्या वेगानं गाडी सेकंदाला सतरा मीटरच्या आसपास जाते. समोरच्या दिव्यानं डोळे दिपले आणि तीन सेकंद काही दिसलं नाही, तर तुम्ही ५० मीटर आंधळे गेलात. त्या ५० मीटरमध्ये मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही अशी उसाची दुहेरी ट्रॉली असू शकते.

आता तुमच्या मूळ तक्रारीकडे. कंपनीचे दिवे अंधुक का वाटत होते? बल्ब बदलण्याआधी याचं उत्तर शोधायला हवं होतं. माझ्या अनुभवात तीन कारणं असतात.

पहिलं, पिवळी पडलेली काच. उन्हानं पॉलिकार्बोनेट धुरकट होतं. उजेड आतच अडकतो आणि जो बाहेर येतो तो फाकतो, म्हणजे आपल्याला कमी दिसतं आणि समोरच्याला जास्त टोचतं. टूथपेस्टनं घासलेली चमक फार काळ टिकत नाही. पाणी मारून आधी १००० नंबरचा, मग २००० आणि ३००० चा पॉलिश पेपर, वर पॉलिश आणि शेवटी यूव्ही कोटिंग. हे शेवटचं केलं नाही तर काही महिन्यांत पुन्हा पिवळी.

दुसरं, वायरिंग. याकडे कोणी बघत नाही. इंजिन चालू, डिपर चालू ठेवून मल्टीमीटरनं बॅटरीवर व्होल्टेज घ्या, मग बल्बच्या सॉकेटवर घ्या. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजबरोबर सरळ नाही, फार वेगानं पडतो. १३.२ च्या जागी सॉकेटवर १२ व्होल्टच पोहोचत असेल तर उजेड एक चतुर्थांशाहून जास्त घटतो. दिवा लालसर दिसतो. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर अर्थचा पॉइंट (वायर गाडीच्या पत्र्याला जोडलेली जागा) घासून साफ करा आणि रिले (बॅटरीतून थेट करंट देणारा छोटा स्विच) असलेली जाड वायरची हार्नेस टाका. काही जुन्या गाड्यांत सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातो, तिथे रिले टाकल्यावर तोच ५५ वॅटचा बल्ब ओळखू येत नाही.

तिसरं, म्हातारा बल्ब. हॅलोजन फुटेपर्यंत जळतो, पण शेवटी शेवटी मंद होतो. जोडी बदलायची, एकटा नाही. आणि काचेला बोट लावायचं नाही. तेलकट डाग राहिला की तापून बल्ब लवकर जातो.

दुकानदार इथे १००/९० चा बल्ब पुढे करेल. घेऊ नका. दोन दिव्यांना डिपरवर नऊ-साडेनऊ अँपिअर लागायचे तिथे पंधरा लागतात. कंपनीची वायर, कपलर आणि प्लॅस्टिकचा रिफ्लेक्टर त्यासाठी बनलेले नाहीत. वितळलेले कपलर माझ्याकडे डबाभर आहेत.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: एलईडी काढा, काच पॉलिश करा, वायरिंग बघा, चांगल्या कंपनीचा ६०/५५ हॅलोजन टाका आणि भिंतीवर सेट करा. बहुतेकांना त्यानंतर एलईडीची आठवण येत नाही. ज्या गाडीत कंपनीनंच एलईडी दिलेत तिथे रिफ्लेक्टर त्याच चिपच्या हिशेबानं बनलेला असतो, ती गोष्ट वेगळी. तिथे फक्त उंची तपासायची.

कायद्याचं विचाराल तर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ याच विषयावर आहे. त्यात माप दिलंय: दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, तो दिपता कामा नये. हीसुद्धा घरी करण्याजोगी परीक्षा आहे. काठीवर दीड मीटरची खूण करा, ८ मीटर मोजा, त्या जागी डोळे खुणेला आणून डिपरकडे बघा. दिवा नीट असेल तर तिथे त्याची कड मांडीच्या आसपास असते आणि डोळ्यांना नुसता मंद उजेड दिसतो. तोंड फिरवावंसं वाटलं, तर तुम्ही नापास. दिव्याच्या काचेवर वरच्या बाजूला काळा रंग फासायची जुनी पद्धत मात्र आता विसरा. आजच्या रिफ्लेक्टरमध्ये काचेचा कोणता भाग उजेड कुठे पाठवतो ते बाहेरून कळत नाही, उजेड कमी होतो आणि कड होती तिथेच राहते. बंपरवर किंवा हँडलवर लावलेल्या एलईडी बारना तर कडच नसते, ते गावच्या रस्त्यावर समोर कोणी असताना बंद हवेत.

सगळेच अप्पर मारत असतील तर तुमचे दिवे दोषी. पण सगळ्यांचेच दिवे तुम्हाला टोचत असतील, तर आधी पुढची काच आतून पुसा. नव्या प्लॅस्टिकच्या वाफेचा आणि धुराचा तेलकट थर तिथे बसतो. वायपरचे ओरखडे बघा. ते करूनही प्रत्येक दिव्याभोवती वलय दिसत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मोतीबिंदूची सुरुवात अशीही कळते. रात्री घालायचे पिवळे चष्मे विकतात, त्यानं टोचणं कमी झाल्यासारखं वाटतं पण रस्ताही तितकाच कमी दिसतो. कोणी दिपवलंच तर नजर डाव्या कडेच्या पट्ट्यावर न्या आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढा. बदला म्हणून आपला अप्पर लावला की रस्त्यावर एका आंधळ्याचे दोन होतात.

सेटिंग झालं की ती टेप काढू नका. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून त्या भिंतीवर ऑइल पेंटनं दोन रेघा कायमच्या ओढा, आणि जमिनीवर ५ मीटरची खूण. मग डिपर लावून रोज गाडी लावताना आपोआप नजर जाते. सिग्नलला उभे असाल तेव्हा पुढच्या गाडीच्या मागे बघा: तुमची कड तिच्या मागच्या काचेखाली, डिकीच्या पत्र्यावरच राहिली पाहिजे. काचेवर चढलेली दिसली तर आधी ते ० ते ३ चं चाक बघा. गावाहून तांदूळ आणलेला असेल.